चौदा नंबरचं शून्य

(साथीच्या आजारांच्या नोंदी ठेवणारी कचेरी. शुक्रवार, दुपारचे सव्वाबारा. डॉक्टर तीन महिन्यांपूर्वी इथे प्रमुख म्हणून आलेल्या. भाऊसाहेब आकडेवारीचे जुने बाबू.)

डॉक्टर : आणि हा चौदा नंबर?

भाऊसाहेब : चौदा नंबर ठणठणीत, मॅडम. ताप शून्य, जुलाब शून्य, कावीळ शून्य. असं केंद्र सगळ्यांना लाभो.

डॉक्टर : जुलाबसुद्धा शून्य?

भाऊसाहेब : शून्य.

डॉक्टर : किती आठवडे?

भाऊसाहेब : हा धरून पाच.

डॉक्टर : सात हजारांची वस्ती. पाच आठवड्यांत एकाचंही पोट बिघडलं नाही. भाऊसाहेब, या कचेरीत आपण सहा जण. गेल्या आठवड्यात किती जण पोट धरून घरी गेले?

भाऊसाहेब : दोन. पण ते कॅन्टीनमुळे. त्याला साथ म्हणत नाहीत, कर्माची फळं म्हणतात.

डॉक्टर : मी विनोदाच्या मनःस्थितीत नाही.

भाऊसाहेब : तुम्ही कधी असता, मॅडम? तीन महिने नोंद ठेवतोय. तुमच्या हसण्याच्या रकान्यातही शून्यच आहे.

डॉक्टर : मोठ्या हॉस्पिटलमधून सकाळी फोन होता. कावीळ झालेली बाई, सात महिन्यांची गरोदर. परवा दाखल केली, कालपासून शुद्धीवर नाही. पत्ता रंगाच्या कारखान्यामागचा. ती वस्ती कुठल्या केंद्रात येते?

भाऊसाहेब : चौदा नंबर.

डॉक्टर : मला पण तेच वाटलं.

भाऊसाहेब : एखादी बाई कुठूनही कावीळ घेऊन येते. पहिलटकरीण असेल, माहेरी गेली असेल.

डॉक्टर : माहेर दोन गल्ल्या सोडून आहे. विचारून घेतलं. मला चौदाचे कागद बघायचेत. संगणकावरचे नकोत, केंद्रातून सही होऊन आलेले.

भाऊसाहेब : फायलीत आहेत सगळे.

डॉक्टर : फाइल माझ्या हातात आहे. तेरा आहे. पंधरा आहे. मधला नाही.

भाऊसाहेब : कुठेतरी मागेपुढे लागला असेल.

डॉक्टर : चारही आठवड्यांचा?

भाऊसाहेब : मॅडम, दार जरा लोटून घेऊ का?

डॉक्टर : घ्या.

भाऊसाहेब : कागद आलेच नाहीत.

डॉक्टर : मग शून्य कोणी घातलं?

भाऊसाहेब : मी.

डॉक्टर : आजचंसुद्धा?

भाऊसाहेब : आजचं अजून पेन्सिलीनं आहे.

डॉक्टर : बसा. उभ्यानं सांगायची गोष्ट दिसत नाही ही.

भाऊसाहेब : गोष्ट कसली, पद्धत आहे. एकोणचाळीस केंद्रं. शुक्रवारी बाराला सगळ्यांचे कागद हातात हवेत, कारण एकला आपला तक्ता वर जातो. आणि दर शुक्रवारी तीन-चार जणांचं घोडं अडतंच. कुणाचा पूल पाण्याखाली, कुणाचं नेटवर्क गेलेलं, कुणाची सासू गेलेली. मी फोन करतो. ते म्हणतात, काही नाही हो भाऊसाहेब, शून्यच आहे, कागद सोमवारी देतो. मग मी पेन्सिलीनं शून्य घालतो. सोमवारी कागद आला की ताळा करायचा आणि वरून शाई फिरवायची. वीस वर्षं हे असंच चाललंय. एकदाही फरक पडला नाही.

डॉक्टर : पडला असता तर कळलं कोणाला असतं? कळवणारे तर आपणच.

भाऊसाहेब : हे मात्र खरं.

डॉक्टर : आणि भिंतीवरची ती ढाल? सलग सहा वर्षं शंभर टक्के अहवाल?

भाऊसाहेब : तिच्यावरची धूळ तेवढी अस्सल आहे, मॅडम.

डॉक्टर : आज पेन्सिलीनं किती आहेत?

भाऊसाहेब : चार. नऊ, चौदा, बावीस आणि एकतीस.

डॉक्टर : पुसा. रिकामे ठेवा.

भाऊसाहेब : टक्केवारी एकोणनव्वदवर येईल. वरून लगेच फोन येतो.

डॉक्टर : तो मी घेईन. आता चौदाचं सांगा. त्यांनी फोनवर शून्य सांगितलं होतं?

भाऊसाहेब : नाही.

डॉक्टर : तुम्ही फोन केला होता?

भाऊसाहेब : नाही.

डॉक्टर : ज्याची सासू गेली त्यालाही तुम्ही फोन करता. चौदाला का नाही? तिथे कोण आहे?

भाऊसाहेब : एक सिस्टर आहे. करारावर. पुढच्या महिन्यात तिला कायम करण्याची फाइल निघायची आहे. सलग दोन कागद चुकले की नोटीस जाते, आणि नोटीस गेली की फाइल गारठते. म्हटलं, पोरगी कामाची आहे, कशाला तिच्या पायात खोडा.

डॉक्टर : ओळखता तिला?

भाऊसाहेब : ओळखतो.

डॉक्टर : कशी आहे?

भाऊसाहेब : वक्तशीर. शाळेत असताना दुसऱ्या दिवशीचं दप्तर संध्याकाळीच भरून दाराशी ठेवायची.

डॉक्टर : भाऊसाहेब.

भाऊसाहेब : माझी मुलगी आहे, मॅडम.

डॉक्टर : तीन महिन्यांत एकदाही बोलला नाहीत.

भाऊसाहेब : आमच्या घरचा दंडक आहे. ऑफिसचं घरी नाही, घरचं ऑफिसात नाही. ती नोकरीला लागली तेव्हा लोक म्हणाले, बापानं चिकटवली. त्यांची तोंडं बंद करायला मी हे ठरवलं. ऑफिसच्या फोनवर ती मला भाऊसाहेब म्हणते आणि मी तिला सिस्टर, अहो-जाहो करून. सहा वर्षं झाली, आमच्यापैकी कोणी चुकलं नाही.

डॉक्टर : तुम्ही चुकलात.

भाऊसाहेब : बोलण्यात नाही चुकलो. पेन्सिलीला दंडक घालायचा राहिला.

डॉक्टर : एवढ्यात भेटली होती?

भाऊसाहेब : रविवारी घरी आली होती. दोन घास खाल्ले आणि पानावरून उठली. तिची आई म्हणाली, किती वाळलीस. तर म्हणे, काम फार आहे. जाताना दारात चपला घालता घालता मला विचारलं, भाऊसाहेब, चौदाचा कागद येत नाहीये, लक्षात आलंय ना तुमच्या? घरात मला भाऊसाहेब म्हणाली म्हणून मी चिडलोच जरा. म्हटलं, आलंय लक्षात, तू काळजी करू नकोस, घरी जा.

डॉक्टर : तुमच्याच दंडकाप्रमाणे ती तुमच्याशी ऑफिसचं बोलत होती.

भाऊसाहेब : ते आत्ता सांगता सांगता कळतंय मला.

डॉक्टर : फोन लावा. स्पीकरवर.

भाऊसाहेब : एक विनंती आहे. मी समोर बसलोय हे नका सांगू.

डॉक्टर : सांगणार. एका टेबलावर इतकी खोटी नोंद पुरे झाली.

सिस्टर : केंद्र क्रमांक चौदा.

डॉक्टर : मी मुख्य कचेरीतून डॉक्टर बोलतेय. फोन स्पीकरवर आहे, समोर भाऊसाहेब आहेत.

सिस्टर : नमस्कार मॅडम. नमस्कार भाऊसाहेब.

भाऊसाहेब : नमस्कार, सिस्टर.

सिस्टर : मॅडम, कधी येताय तुम्ही?

डॉक्टर : मी येणार आहे असं कोणी सांगितलं?

सिस्टर : सलग दोन आठवडे कागद आला नाही, तर तिसऱ्या आठवड्यात अधिकाऱ्यानं स्वतः केंद्रावर जायचं. नियम आहे ना? मी तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी नोंदवही टेबलावर काढून ठेवतेय. एक खुर्चीसुद्धा पुसून ठेवते.

डॉक्टर : म्हणजे कागद तुम्ही मुद्दामच पाठवले नाहीत.

सिस्टर : मुद्दामच.

डॉक्टर : का?

सिस्टर : पहिल्या आठवड्यात दोघं आले. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाचा वास नको. मी संशयितच्या रकान्यात दोन लिहिलं. आमच्या केंद्राच्या साहेबांनी ते खोडून शून्य केलं. म्हणाले, रक्त तपासल्याशिवाय कावीळ म्हणायचं नाही. मी म्हटलं, नमुने पाठवू या. म्हणाले, नळ्या संपल्यात, मागणी केली आहे. अहो, रकान्याचं नावच संशयित आहे. खात्री झाल्यावर त्याला संशयित कोण म्हणेल? शेवटी म्हणाले, शून्य लिहा आणि सही करा, उगाच डोक्याला ताप नको. शून्यावर मी सही करणार नव्हते आणि दोन ते पाठवू देत नव्हते. मग मी कागदच अडवला.

डॉक्टर : इथे फोन का नाही केलात?

सिस्टर : करारावरच्या बाईनं साहेबांना ओलांडून फोन केला तर तो आगाऊपणा होतो. कागद चुकला तर नुसती चूक होते. चुकीला नोटीस येते मॅडम, आगाऊपणाला घरी बसवतात. आणि फोन केला असता तरी उचलला कोणी असता? भाऊसाहेबांनी. की झालं, बापाकडे चुगली केली म्हणायला सगळे मोकळे.

डॉक्टर : रिकामा रकाना बघून कोणी येईल याची इतकी खात्री होती?

सिस्टर : होती. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या तोंडून मी लहानपणी जेवताना शंभरदा ऐकलंय. डोंगरापलीकडच्या एका केंद्रातून तीन आठवडे कागद आला नाही. कचेरीत सगळे म्हणाले, तिथला कंपाउंडर आळशी आहे. हे सायकल काढून गेले. बघतात तो कंपाउंडर स्वतःच जुलाबानं आडवा पडलेला आणि घराघरांत माणसं झोपलेली. परत आल्यावर नियम केला. मला म्हणायचे, आकडा खोटं बोलू शकतो गं, पण रकाना रिकामा असला की समजावं, कोणीतरी हाक मारतंय.

डॉक्टर : भाऊसाहेब, नियम तुमचा आहे?

भाऊसाहेब : मसुदा माझा. सही तेव्हाच्या साहेबांची.

डॉक्टर : आणि तो तुम्हीच गुंडाळून ठेवलात.

भाऊसाहेब : सुरुवातीची वर्षं पाळला. मग गाडी गेली, ड्रायव्हर गेला, साहेब बदलले. जाणं बंद झालं आणि नोटीस तेवढी उरली. नुसत्या नोटिसा पाठवायच्या माणसांना? त्यापेक्षा म्हटलं शून्य बरं. तुम्ही आलात तेव्हा गाडी परत मिळाली, पण हाताला लागलेली सवय जात नाही.

सिस्टर : मला नीट कळलं नाही. भाऊसाहेब, माझे रकाने रिकामे दिसले ना तुम्हाला?

भाऊसाहेब : दिसले.

सिस्टर : मग?

भाऊसाहेब : मी ते भरले, सिस्टर. शून्यानं. नोटीस जाऊ नये म्हणून.

सिस्टर : चारही?

भाऊसाहेब : चारही. पाचवं मघाशी पेन्सिलीनं घातलं.

सिस्टर : ज्या शून्यावर मी इथे रोज बोलणी खाऊन सही केली नाही, ते तुम्ही तिथे बसून माझ्या नावावर घातलंत.

भाऊसाहेब : हो.

सिस्टर : माझ्या भल्यासाठी.

भाऊसाहेब : हो. लाज वाटते मला.

सिस्टर : लाज सावकाश वाटून घ्या. मॅडम, लिहून घेता का? कारखान्याच्या मागच्या भिंतीशी पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून जाते. अडीच महिन्यांपूर्वी तिथे खोदकाम झालं. जोड नीट बसलेला नाही. पंप बंद असला की नळी गटाराचं पाणी आत ओढते. सकाळची पहिली बादली वास मारते. लोक पहिली ओतून देतात आणि दुसरी पितात.

डॉक्टर : हे तुम्ही स्वतः पाहिलंत?

सिस्टर : वास घेतला. जोड खाली उतरून पाहिला. आजारी पडलेल्या घरांवर नकाशात टिंबं केलीत, ती सगळी त्या जोडाच्या पुढच्या गल्ल्यांत आहेत. अलीकडच्या गल्ल्यांत एकही नाही.

डॉक्टर : या आठवड्यात किती?

सिस्टर : वस्तीतले दहा.

डॉक्टर : गरोदर बायका?

सिस्टर : वस्तीत नऊ. त्यातली आजारी एकच, मोठ्या हॉस्पिटलात आहे ती. तिला मीच गाडीत बसवून दिलं. कशी आहे?

डॉक्टर : शुद्धीवर नाही.

सिस्टर : बरं. बाळ?

डॉक्टर : ठोके आहेत.

सिस्टर : उरलेल्या आठ जणींकडे मी रोज जाते. पाणी उकळायला सांगते. सांगते म्हणजे चुलीपाशी उभी राहून उकळवून घेते, नाहीतर मान डोलावतात आणि गार पाणी पितात. कागद अडवला मॅडम, काम नाही अडवलं.

डॉक्टर : मी अर्ध्या तासात निघते. रक्ताच्या नळ्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येते. पाणीपुरवठ्याला इथूनच सांगते, नळी आजच बंद करायची आणि टँकर लावायचा. तुमच्या साहेबांशी मी बोलेन.

सिस्टर : आणि माझी नोटीस?

डॉक्टर : ती जाईल. कागद चुकलाय, तिचा मान तिला द्यायला हवा. उत्तरात आत्ता मला सांगितलंत तेच लिहा. त्याखाली माझा शेरा असेल आणि तो फायलीला थंडी वाजू देणार नाही.

सिस्टर : चालेल.

भाऊसाहेब : माझंही उत्तर लागेल ना, मॅडम?

डॉक्टर : लागेल. आज संध्याकाळपर्यंत. किती वर्षांपासून आणि किती केंद्रांचं, सगळं. आधी तक्ता दुरुस्त करा.

भाऊसाहेब : एक विचारू? तिसऱ्या आठवड्यात गाडी गेली असती तर यातली किती माणसं वाचली असती?

डॉक्टर : खरं सांगू?

भाऊसाहेब : आज तरी खरंच सांगा.

डॉक्टर : आतापर्यंत आजारी पडलेली बहुतेक पडलीच असती. ही कावीळ महिना-दीड महिना अंगात दबा धरून बसते. ती बाईही तेव्हाच ते पाणी प्यायलेली होती. फक्त तिला आधी कोणी तपासलं असतं. पण या दोन आठवड्यांत जे पाणी प्यायले त्यांची पाळी पुढच्या महिन्यात येईल. ते वाचले असते.

भाऊसाहेब : म्हणजे ती माणसं आज हिंडताफिरतायत.

डॉक्टर : हो.

भाऊसाहेब : आणि त्यांना माहीतही नाही.

डॉक्टर : नाही. मी बाटल्या बघते. तुम्ही आकडे घ्या.

भाऊसाहेब : सिस्टर, फोन ठेवू नका. तक्ता समोर घेतो. दुरुस्ती आहे, आकड्यात आणि अक्षरी दोन्ही लागेल. पहिला आठवडा?

सिस्टर : दोन.

भाऊसाहेब : दोन. अक्षरी दोन. दुसरा?

सिस्टर : तीन.

भाऊसाहेब : अक्षरी तीन. तिसरा?

सिस्टर : सात.

भाऊसाहेब : सात. इथे यायला हवं होतं कोणीतरी.

सिस्टर : चौथा बारा. हॉस्पिटलातली त्यात आहे, पहिल्यांदा दाखवायला तेव्हाच आली होती.

भाऊसाहेब : अक्षरी बारा. पुढे दुरुस्तीचं कारण असा रकाना आहे. त्यात लिहितो, 'कागद आले नव्हते. शून्य मी घातले.' खाली सही केली.

सिस्टर : तारीख घातलीत?

भाऊसाहेब : घातली. आता हा आठवडा. थांबा, पेन्सिलीचं आधी पुसतो. हं. मघाशी दहा म्हणालात.

सिस्टर : वस्तीतले दहा म्हणाले.

भाऊसाहेब : मग दहाच लिहू ना?

सिस्टर : अकरा लिहा.

भाऊसाहेब : वस्तीबाहेरचं कोण आलं मध्येच?

सिस्टर : रविवारी मी पानावरून उठले होते ना, बाबा.